एक दिवस तर सांग

आमच्या वस्तीवरच्या खंडूतात्यांच्या कळपात माझ्या नावाची एक मेंढी होती. अलका नव्हे, ‘आशाताई’. मी गावची आशा कार्यकर्ती. लसी, गोळ्या, बाळंतिणी, कुणाला ताप, कुणाला खोकला, सगळ्या घरांत डोकवायचं हे माझं कामच. आणि ती मेंढी उगाच कुणाच्याही अध्यातमध्यात तोंड घालून ओरडायची. म्हणून तिला माझं नाव. तात्यांचं माझ्याशी एकदा जंताच्या गोळ्यांवरून भांडण झालं आणि दुसऱ्या दिवशी तिचं बारसं झालं.

तात्यांची ती पद्धतच होती. ज्याच्याशी वाजलं त्याचं नाव एखाद्या मेंढीला देऊन टाकायचं आणि मोकळं व्हायचं. राग संपला. ‘तलाठी’ नावाची एक होती, ती बोलावल्यावर कधी म्हणजे कधी यायची नाही. ‘इहीनबाई’ होती, तिला काहीही खायला घाला, तोंड वाकडंच. त्यांच्या लेकीच्या सासूबाई एकदा पाहुण्या म्हणून आल्या, तर तात्यांनी त्यांच्यादेखत त्या मेंढीला खणखणीत हाक मारली. कौसाकाकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, तव्यावरची भाकरी तशीच टाकली आणि हातातल्या उलथन्यासकट तात्यांना बांधापर्यंत पिटाळलं. तात्या पळता पळता हसत होते.

उंच माणूस. चालताना खांदे जरा पुढे. डोक्याला मळका पटका, खांद्यावर काळी घोंगडी, पायात रबरी बूट, आणि मोबाईल दुधाच्या पिशवीत घालून वरून रबर लावलेला. फोन आला की आधी रबर काढायचं, मग पिशवी, तोपर्यंत फोन बंद. मग समोरच्यालाच शिव्या, की धीर कसा नाही रे लोकांना. वांगं खायचे नाहीत. माणसांशी हळू बोलायचे आणि मेंढरांशी मोठ्यानं. आणि कुठल्याही गोष्टीवर, म्हणजे अगदी कुणाचं लग्न मोडल्याचं सांगितलं तरी, ‘बघून घिऊ की’ म्हणायचे. मला त्याचा राग यायचा. मी जात्याच भित्री. मला कुठलीच गोष्ट बघून घेण्याइतकी सोपी वाटत नाही. लोक म्हणतात अलका लई तडफदार. कसली तडफदार! भीती वाटली की मी ओरडते, एवढंच.

या माणसाची आठवण मात्र जबरी होती. आणि ती सगळी मेंढरांच्या अंगानं चालायची. शाळेत नाव घालायचं, आधारकार्डावर जन्माचं वर्ष टाकायचं, की वडवणीपासून तेलगावपर्यंतची माणसं तात्यांकडे यायची. तात्यांना तारीख विचारली तर काही सांगता यायचं नाही. पण ते डोळे बारीक करायचे आणि म्हणायचे, तुझा जन्म ना, तेव्हा मी नदीकडं कळप घेऊन गेलतो, काळतोंडी मेंढी जुळं याली, त्याच्या दुसऱ्या दिवशी तुझा बाप पेढे घेऊन आलता आणि त्यातले निम्मे त्यानंच खाल्ले. माझ्या लग्नाचं मी एकदा विचारलं. तर म्हणाले, तुझ्या नवऱ्याचे बूट मांडवातनं कुणीतरी पळवले, तो अनवाणी वरातीत नाचला आणि त्याच्या पायात काचेचा तुकडा गेला, तो मीच काढला. मी हे पार विसरले होते. नवऱ्याला विचारलं तर त्यानं पाय उलटा करून खूण दाखवली.

म्हणून तात्या विसरायला लागले तेव्हा वस्तीवर पहिल्यांदा हशा झाला. मग कुणी हसेना.

मला नेमकं कधी कळलं ते सांगते. दिवस कलला की मेंढरं रानातून वस्तीवर येतात. लहान कोकरं दिवसभर वाघरात, म्हणजे दोरीच्या जाळीच्या कुंपणात, ठेवलेली असतात. आयांचा आवाज आला की ती अशी काही कालवा करतात की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मोठी कोकरं आपली आई शोधतात. पण नुकती जन्मलेली गर्दीत तुडवली जातात, म्हणून ती एकेक उचलून ज्याच्या त्याच्या आईला लावायची असतात. मेंढी फक्त आपलंच पाजते; दुसरीचं लावलं तर डोकं हाणून उडवते. तात्या हे काम बोलत बोलत करायचे. इकडे माझ्याशी थट्टा चाललेली आणि हात आपले बरोबर उचलतायत, बरोबर लावतायत.

त्या दिवशी मी काकूंना बीपीच्या गोळ्या द्यायला गेले होते. तात्यांनी एक कोकरू उचललं आणि बांडी नावाच्या मेंढीला लावलं. बांडीनं वास घेतला आणि डोकं हाणलं. कोकरू लांब जाऊन पडलं. मला वाटलं, होतं कधी कधी. तात्यांनी तेच कोकरू पुन्हा उचललं आणि पुन्हा बांडीलाच लावलं. तिनं यावेळी जोरात हाणलं. तात्या ते हातात घेऊन उभे राहिले. कोकराची मान एका बाजूला पडली होती. आजूबाजूला सगळा कालवा, आणि हा माणूस मधोमध नुसता उभा.

“कौसे,” ते म्हणाले, “कुनाचं हाय गं हे?”

काकूंच्या हातातून पितळी पडली. बांडीचं स्वतःचं कोकरू चार हातांवर ओरडत होतं, पांढऱ्या ठिपक्यांचं, मलासुद्धा ओळखू आलं असतं. काकू पुढं झाल्या, त्यांनी तात्यांच्या हातातलं कोकरू काढून घेतलं आणि बाकीचं काम त्यांनीच उरकलं. ते कोकरू काही जगलं नाही. मी घरी आले आणि मला जेवण गेलं नाही. काय झालंय ते कळत नव्हतं, पण काहीतरी वाईट घरात शिरलंय असं वाटत होतं.

बरं, घडलं तर काहीच नव्हतं. हेच जास्त भीतीचं. कुणी गेलं नव्हतं, कुणाशी बिनसलं नव्हतं, लेक लिंबागणेशला सुखानं नांदत होती, कळप चांगला होता. लोकांना कारण लागतं. कारण सापडेना तसं लोक मनानंच शोधायला लागले. एक म्हणाला वय झालं, चळ लागला. एक म्हणाली भानामती आहे, कुणीतरी कळपावर करणी केली आणि ती तात्यांनी अंगावर घेतली. काकूंचा भाऊ येऊन तात्यांना कुठल्याशा देवऋष्याकडे घेऊन गेला. तिथून दंडात ताईत बांधून आणला आणि कळपाच्या चारी बाजूंनी लिंबं पुरली. तात्यांनी सगळं करू दिलं. एका शब्दानं विरोध नाही. पूर्वीचे तात्या असते तर देवऋष्याच्या नावाची मेंढी त्याच दिवशी झाली असती.

मग लेक आली आणि बीडला घेऊन गेली. डोक्याचा फोटो काढला, रक्त तपासलं. सगळं नॉर्मल. लेकीनं रडत रडत मला फोन केला, आनंदानं, की अलकावहिनी, विसरायचा तो मोठा आजार नाहीये. सगळी वस्ती निवांत झाली. मी मात्र आणखी घाबरले. डोक्यात काही नाही, मग हा माणूस रोज थोडा थोडा कुठं चाललाय? ते रात्री झोपत नव्हते असं काकू सांगायच्या. जेवण ताटात तसंच. सगळ्यात वाईट म्हणजे भांडण बंद झालं होतं. मी मुद्दाम जाऊन जंताच्या गोळ्यांचा विषय काढायचे. ते म्हणायचे, दे, ठिव तिथं.

ऐन उन्हाळ्यात एका दुपारी मी लसीकरणाचं काम उरकून घरी आले. ओसरीवरच्या बाजेवर तात्यांची घोंगडी नीट घडी घालून ठेवलेली. सासूबाई म्हणाल्या, खंडू आलता, म्हणला अलकीला द्या, थंडीत व्हईल तिला.

तुम्हाला कदाचित यात काही वाटणार नाही. पण मेंढपाळाची घोंगडी म्हणजे काय ते आमच्याकडं लहान लेकरालाही माहीत असतं. उन्हातही ती खांद्यावर असते. देव बसवायचा तर तीच अंथरतात, पाहुणा आला तर तीच, आणि माणूस गेल्यावर तीच. जिवंत माणूस आपली घोंगडी दुसऱ्याला देत नाही. मी पाणीसुद्धा न पिता तशीच निघाले. सासूबाई मागून काहीतरी विचारत होत्या.

दुपारी तात्या कळप पाण्यावर न्यायचे, त्या पाझर तलावाकडे धावताना मला पहिल्यांदा मेंढरं दिसली, ती कुणाच्या तरी घासाच्या वाफ्यात शिरून खात होती. तात्यांचं मेंढरू कधी दुसऱ्याच्या पिकात गेलं नव्हतं. त्यावरून त्यांनी कधी शिव्या खाल्ल्या नव्हत्या, ज्यांची जनावरं शिरायची त्यांना दिल्या होत्या. पुढे बांधावर तात्या बसलेले. पाण्याकडे तोंड करून. मी हाक मारली नाही. हाक मारली तर काय होईल याची भीती वाटली. जवळ जाऊन शेजारी बसले आणि त्यांच्या सदऱ्याचं टोक मुठीत धरलं.

आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं की असं वाटलं तर सरळ विचारायचं, विचारल्यानं कुणाच्या डोक्यात नवं खूळ जात नाही. तिथं पंख्याखाली बसून ऐकायला सोपं होतं. इथं जीभ उचलत नव्हती.

“तात्या, जीव द्यायचं मनात येतं का?”

त्यांनी पाण्यावरची नजर काढली नाही. मग म्हणाले, “येतंय. रोज येतंय.”

“कावून पण?”

“एक दिवस तर सांग मला, चांगला गेलेला.” त्यांचा आवाज अगदी सपाट होता. “पडल्या पडल्या हुडकतो मी. एक बी घावंना. जलमभर नुसता मेंढरामागं चाललोय. सगळे दिवस सारकेच. मंग आता ऱ्हायलं काय आन गेलं काय.”

मी सांगायला लागले. लेकीच्या लग्नाचं सांगितलं, विहीणबाईंचं आणि उलथन्याचं सांगितलं, माझ्या नवऱ्याच्या पायातली काच सांगितली. तात्या, तुम्हीच मला सांगितलंय हे सगळं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओळख होती, पण त्यापलीकडे काहीच नव्हतं. म्हणाले, तू म्हन्तीस तर झालं आसंल. माणसाचं स्वतःचं आयुष्य आपण त्याला सांगतोय आणि तो शेजारच्या गावची बातमी ऐकावी तसं ऐकतोय. त्या पाण्यापेक्षा मला त्यांच्या त्या तोंडाची जास्त भीती वाटली.

मी त्यांना सोडलं नाही. काकूंना फोन केला, नवऱ्याला फोन केला, आणि त्याच दिवशी तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. हा उदासीचा आजार आहे, औषधानं बरा होतो, पण वेळ लागतो, आणि तोवर यांना क्षणभरही एकटं सोडायचं नाही, असं सांगितलं. तेव्हा सुरू झाले ते दिवस मला आजही नको वाटतात. वस्तीवरच्यांनी कळप वाटून घेतला. काकू आणि मी आळीपाळीनं तात्यांजवळ. ते परसाकडं गेले तरी आमचा जीव टांगणीला. आणि गोळ्या सुरू झाल्या तरी फरक काही दिसेना.

दवाखान्यात ठरल्या वारी एक समुपदेशक मॅडम यायच्या. लातूरकडच्या, वयानं माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या. पहिल्याच बैठकीत त्यांनी तात्यांना प्रेमानं विचारलं, बाबा, तुमच्या आयुष्यातला एखादा आनंदाचा दिवस सांगा. मी शेजारी बसले होते. ज्या खड्ड्यापाशी हा माणूस दिवसरात्र उभा होता त्यातच या बाईनं त्याला डोकवायला लावलं होतं. तात्यांच्या कपाळावर घाम आला. शेवटी म्हणाले, मेंढरं राखली. मॅडम म्हणाल्या, कधीचं सांगताय? तात्या म्हणाले, जलमभर. त्या दिवशी परत येताना एसटीत त्यांनी डोकं खिडकीला टेकवलं आणि म्हणाले, बघ, मोठ्या बाईला बी घावला न्हाई. मी रात्रभर काकूंच्या ओट्यावर बसून काढली.

दुसऱ्या खेपेला मी मॅडमना बाहेर गाठलं आणि तडतडले. माझा आवाज चढला होता, दवाखान्यातली माणसं बघायला लागली. मी म्हटलं, ज्याला पाय नाहीत त्याला तुम्ही पळायला सांगता काय? तात्यांची आठवण कशी होती तेही सगळं सांगितलं, मेंढी, कोकरू, बूट, काच. मॅडमनी ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, चूक माझी झाली, हा प्रश्न इतक्या लवकर विचारायचा नव्हता. मग मला समजावलं. या आजारात आठवण पुसली जात नाही म्हणे. ती आतच असते. पण एकेक दिवस वेगळा काढून बघायची ताकद जाते आणि सगळे दिवस मळलेल्या कणकेसारखे एकात एक होतात. त्यातून हाताला लागतं ते वाईटच. आणि माणसाला वाटतं की हेच खरं, आपल्या वाट्याला एवढंच होतं. “मला त्यांच्याकडनं चांगला दिवस नकोच आहे,” मॅडम म्हणाल्या. “कुठलाही एक दिवस हवाय.”

आत गेल्यावर त्यांनी तात्यांना विचारलं, बाबा, ते कोकरू बांडीला लावलं तो दिवस आठवतो?

मी खुर्चीतून अर्धी उठले. आम्ही सगळ्यांनी त्या दिवसाचं नाव काढायचं नाही असं ठरवलं होतं. तात्यांनी मान वर केली. आणि त्यांच्या डोळ्यांत कितीतरी दिवसांनी काहीतरी हललं. राग होता तो. म्हणाले, आठवतो की. मॅडमनी विचारलं, ऊन कुठं होतं? तात्या म्हणाले, लिंबाच्या बुडाशी आलतं. कोकरू कुठल्या रंगाचं? काळं, कपाळावर टिकला. हातात धरलं तेव्हा कसं लागलं? तात्यांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. म्हणाले, गरम. पोट खपाटीला गेलतं. ऊर धडधडू लालतं त्याचं. ते बोलता बोलता रडायला लागले, आणि मी इतकी घाबरले की मला वाटलं आता यांना इथून कसं न्यायचं. मॅडमनी मात्र घाई केली नाही. रडू दिलं. मग म्हणाल्या, ते कोकरू खरं कुणाचं होतं?

“तलाठीचं,” तात्या म्हणाले. आणि जरा थांबून, “पयलारू व्हती ती. तिची आय काळतोंडी.”

मॅडमनी विचारलं, काळतोंडी कशी होती? पुढचं मला अजून जसंच्या तसं ऐकू येतं. काळतोंडीचं सांगता सांगता तात्या तेलगावकडच्या एका वावरात जाऊन पोचले. हिवाळा होता. वावराच्या मालकानं खतासाठी मेंढरं बसवायला बोलावलं होतं. त्यानं ज्वारीची कोवळी कणसं दिली, तात्यांनी आगटी पेटवून हुरडा भाजला. काकूंनी गरम कणीस घाईनं हातात घेतलं, बोटं पोळली, आणि त्यांनी कणसाला, तात्यांना आणि तात्यांच्या अख्ख्या खानदानाला शिव्या घातल्या. तात्या म्हणाले, मी तिची बोटं ताकाच्या गाडग्यात बुडवली तर तिनं तेच ताक माझ्या तोंडावर उडवलं.

त्या खेपेला काकूही आल्या होत्या, दाराशी उभ्या होत्या. त्या पदर तोंडावर घेऊन भिंतीला टेकल्या. मॅडमनी हा दिवस चांगला होता की वाईट ते विचारलं नाही. दुसऱ्या कुणीही नाही.

हे वाचून कुणाला वाटेल की तिथून तात्या झपाट्यानं सुधारले. कसले हो! दवाखान्याचं दार ओलांडलं की आत काय बोलणं झालं ते त्यांच्या डोक्यातून गेलेलं असायचं. वडवणीच्या स्टँडवर मी विचारायचे, मॅडम काय म्हणाल्या? ते म्हणायचे, काई न्हाई. मॅडमना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, यात नवल नाही, या आजारात नवं बोलणंही टिकत नाही. म्हणून एका खेपेला एकच गोष्ट ठरवू. आणि ती एक गोष्ट त्यांनी तात्यांच्याच आवाजात काकूंच्या मोबाईलवर बोलून ठेवायला लावली. सकाळी भाकऱ्या थापताना काकू ते लावायच्या. ‘गोळी घ्यायची. कोकरं सोडताना उभं ऱ्हायचं. उचलायची न्हाईत, निस्तं उभं ऱ्हायचं.’ तात्या अंथरुणातून कुरकुरायचे, कोण बोलू लालंय हे येडं? पण उभे राहायचे. नुसते जाळीला धरून उभे. असे कितीतरी दिवस. एखाद्या दिवशी तेही नाही, तोंड भिंतीकडे, आणि आम्ही पुन्हा आळीपाळीनं जागत बसायचो. बरं होणं असं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दोन दिवस बरे गेले की मी देवाचे आभार मानायचे आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा त्यांचं तोंड भिंतीकडे.

पावसाळा अर्धा सरला तेव्हा एका संध्याकाळी त्यांनी जाळीत वाकून एक कोकरू उचललं. आम्ही पाहात होतो. त्यांनी ते मेंढीला लावलं, मेंढीनं वास घेतला आणि उभी राहिली. काकू चुलीकडे वळल्या आणि उगाच लाकडं सारायला लागल्या. त्यानंतर काही आठवड्यांनी कळपात ‘डॉक्टरीन’ नावाची मेंढी झाली. मॅडमनी त्यांना विडी सोडायला सांगितली होती. मी ती हाक ऐकली आणि रस्त्यातच खाली बसले, इतकं हसू आणि रडू एकदम आलं. घोंगडी मी तोवर माझ्याकडेच ठेवली होती. ती त्यांनी स्वतः येऊन मागून नेली, वर म्हणाले, धुतली कावून? वास गेला तिचा.

मॅडम म्हणाल्या होत्या की हे परत येऊ शकतं. मी ते ऐकलं आणि त्या दिवसापासून रोज वाट बघितली. तात्या जरा गप्प दिसले की मी दचकायचे. काकू म्हणायच्या, अलके, तूच आजारी पडशील. खरं होतं ते. तात्या हसायला लागले तरी माझी भीती काही जात नव्हती.

पुढच्या वर्षी सुगी उरकता उरकता, भर दुपारी मी दारात तांदूळ निवडत बसले होते. वर पाहिलं तर तात्या. एकटेच. मेंढरं नाहीत, हातात काठी नाही. डोळे खोल गेलेले. ते तोंड मी ओळखलं, बांधावरचं. सूप माझ्या हातातून निसटलं आणि तांदूळ अंगणभर झाले.

“अलके,” तात्या म्हणाले, “सकाळधरनं वाटू लालंय की माज्या जलमात कदी काई चांगलं झालंच न्हाई.” ते थांबले. “मंजे आलंय ते. तू चप्पल घाल.”

मी चप्पल घातली. दोन्ही पायांत वेगळ्या होत्या हे मला एसटीत कळलं. मी सारखी त्यांच्या हातांकडे बघत होते.

दवाखान्यात गेलो तर मॅडमची बदली झालेली. त्यांच्या जागी एक नवीन तरुण माणूस, पहिल्यांदाच पाहात होते मी त्याला. याला काय माहीत आमच्या तात्यांचं? हा काय विचारणार, कुठून सुरुवात करणार? आता पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगायचं, तेही मलाच, आणि मधे एखादी गोष्ट माझ्याकडून राहून गेली तर? आमचा नंबर पुकारला तशी मी आधी उठले. तात्यांनी हात आडवा केला.

“तू बस. माजं मी सांगतो.”

“आणि नाही आठवलं तर?” मी म्हटलं. माझा आवाज चढला होता.

“न्हाई आठवलं तर तसं सांगतो,” तात्या म्हणाले, आणि आत गेले.

दार लोटलं गेलं. मी बाकावर बसले. कान दाराकडे लावले. मी उठले, दारापर्यंत गेले, परत येऊन बसले. मग आतून आवाज आला, हळू, अडखळत. तो तात्यांचा होता.